चाळीस नंबरचे लेबल

मी खाली सही करणार श्रीमती गंगव्वा मल्लिकार्जुन हत्तरकी, वय वर्षे सहासष्ट, शिक्षण सातवी पास, धंदा घरकाम व शिवणकाम, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. चष्मा लावला की सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवते. मला कोणी भरीस घातलेले नाही. घातले असते तर पुढचा मजकूर वेगळा झाला असता.

मी कमी बोलते असे सगळे म्हणतात. राहिलेले बोलणे इथे लिहिते, कारण मृत्युपत्र वाचताना मध्येच तोंड घालून उपयोग होत नाही.

कलम १. घर.
मंगळवार पेठेतील दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते माझे पश्चात माझा मुलगा सोमशेखर यास द्यावे. तो मुलगा आहे म्हणून. दुसरे कारण मी पुष्कळ शोधले, सापडले नाही. त्याने व सूनबाई मोना हिने ते विकायचे आधीच ठरवले आहे. मागच्या खेपेला मी आत चहा करत असताना बाहेरच्या खोलीत पावलांनी मोजमाप चालले होते. मी चहा जरा उशिरा नेला, म्हणजे मोजणी पुरी व्हावी.

घरातील कपाट, पलंग व टीव्ही त्यांनीच घ्यावा. पुढील कलमांत लिहिलेल्या वस्तूंना मात्र हात लावू नये.

कलम २. शिवणाचे मशीन.
हे पायमशीन माझे यजमान कै. मल्लिकार्जुन यांनी मला घेऊन दिले. ते महाद्वार रोडवर कापडाच्या दुकानात नोकरीला होते. ठाणातले शेवटचे तुकडे मालक नोकरांना स्वस्तात देत. त्या तुकड्यांवर आमची दोन मुले वाढली. सोमशेखरच्या शाळेच्या चड्ड्या, रक्षिताचे फ्रॉक, परकर, दप्तरे, उशांचे अभ्रे, यजमानांच्या फाटक्या पँटच्या बाजाराच्या पिशव्या, माझी पोलकी, सगळे याच मशीनवर झाले. आमच्या घरात शिंप्याचे बिल कधी आले नाही.

मुलांच्या कपड्याला मी खाली आणि शिवणीत बोटभर कापड आत दुमडून ठेवत असे. पोर वाढले की उसवून सोडायचे. एक फ्रॉक तीन दिवाळ्या चाले. सोमशेखरला आता याची लाज वाटते. मोनाच्या माहेरच्यांसमोर तो म्हणतो, "आमच्याकडं पहिल्यापासून रेडिमेडच." त्याच्या लहानपणीच्या एकूणएक फोटोत माझी शिवण दिसते. फोटो त्याने माळ्यावर टाकले आहेत.

मोना एकदा गॅलरीतून ओरडली, "आई, भंगारवाला आलाय. तेवढं मशीन देऊन टाकू का? जागा तरी होईल."

मी म्हणाले, "जागा कशाला पाहिजे?"

"फिश टँकला."

मोनाचा फिश टँक पुढे त्यांच्या फ्लॅटवर आला. मासे आठवड्यात मेले. मशीन चालू आहे.

हे मशीन माझी नात, म्हणजे कै. रक्षिताची मुलगी, कु. सौंदर्या मृत्युंजय तोडकर, राहणार गडहिंग्लज, हिला द्यावे. ते तिच्यापर्यंत पोचावे आणि तिच्याजवळच राहावे यासाठीच मी हे सगळे लिहिते आहे. बाकीची कलमे त्यामागे ओढ्यातल्या काटक्यांसारखी आली.

कलम ३. रक्षिताबद्दल.
माझी मुलगी रक्षिता गडहिंग्लजच्या तोडकरांकडे दिली. गुळाचे व्यापारी, मोठे घर. बाळंतपणाला ती माझ्याकडे आली. बाळाच्या अंगाला पहिले कापड जुने आणि मऊ लागते, म्हणून मी माझ्या जुनेराची झबली, टोपडी आणि दुपटी शिवली. बारशाला विहीणबाई शालूबाई आल्या. पाळण्यात डोकावून त्यांनी झबल्याचा काठ दोन बोटांत धरला, जसे मेलेले झुरळ धरावे.

"ईनबाई, आमच्या घरात अजून कुणी उघडं पडलं न्हाई, पोरीला जुनेर घालायला."

रक्षिता सासूला म्हणाली, "अत्ती, लेसचं घातलं की तिला पुरळ उठतंय."

"उठू दे की. सवय व्हाया पाहिजे. तोडकराची नात हाय."

तोडकरांची नात आठ दिवस पुरळ अंगावर घेऊन लेसच्या फ्रॉकात रडली. नंतर रक्षिता सासरी गेल्यावरही आतून माझे झबले घाली आणि वरून त्यांची लेस. मायलेकी अशा दोघींनी तो संसार सांभाळला.

सौंदर्या वर्षाची असताना रक्षिता काविळीने गेली. सन १९९८. काविळीबद्दल मी कोणाला दोष देत नाही. काविळीनंतर जे झाले त्याबद्दल देते.

तिच्या दिवसकार्याला, म्हणजे शिवगणाराधनेच्या दिवशी, मी गडहिंग्लजला गेले होते. सगळे उरकल्यावर मी शालूबाईंना म्हणाले, "रक्षिताची ट्रंक बघते. तिचे कपडे सौंदर्यासाठी नेईन म्हणते."

"कापडं? ती बोहारणीला दिली की काल. सगळी घरी शिवलेली, कोन घालनार? तरी पातेलं चांगलं आलं बगा, जाड हाय." आणि आत तोंड करून, "अगं, ईनबाईंना च्या टाक. त्या नव्या पातेल्यातच टाक, मोठं हाय."

जावई मृत्युंजय शेजारी बसून पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटले. त्या दिवशी त्यांनी केलेली तेवढीच हालचाल मला आठवते. वर्ष फिरायच्या आत त्यांनी दुसरे लग्न केले, तेव्हाही बहुधा पानच उलटले असेल.

मी तो चहा प्यायले.

कलम ४. स्टीलची वाटी.
निघताना विहीण मोकळी पाठवू नये म्हणून शालूबाईंनी मला एक साडी दिली. झगमगीत, अंगाला टोचणारी. ती घेऊन मी एस.टी. स्टँडवर आले. स्टँडच्या भिंतीला बोहारणी बसतात. एकीच्या गाठोड्यातून मला निळ्या चौकड्याचे कापड दिसले. ते रक्षिताच्या गाऊनचे होते. कापड यजमानांनी आणलेले, गाऊन मी शिवलेला. बोहारणीचे नाव विठाबाई.

मी म्हणाले, "हे गाठोडं मला द्या. किती पैसे?"

"पैशाचं आमचं चालत न्हाई, आक्का. कापडाला भांडं, न्हाईतर कापडाला कापड. काय हाय तुमच्याकडं?"

मी साडी काढून दिली. तिने ती उलटीपालटी केली. "ह्ये तर कोरं हाय की! घडीबी मोडली न्हाई."

"मोडायची नाही मला."

विठाबाईने माझ्याकडे नीट पाहिले. "ती कापडं कुनाची?"

"लेकीची."

गाठोडे सोडून तिने एकेक कापड बाजूला काढले. निम्मे आधीच गेले होते. "ग्यारेजवाल्यानं नेली, आक्का. पुसायला सुती बरं पडतं. आधी कळलं असतं तर..." मग स्वतःच्या बुडाखालून एक टोपडे ओढून काढले. "ह्ये मी माझ्या नातीला ठेवलंतं. घ्या."

माझी गाडी लागली होती. ती मागून ओरडली, "ओ आक्का! साडी जड हाय. वर वाटी घेऊन जावा. उद्या म्हनशीला विठीनं फसवलं."

त्या दिवशी गडहिंग्लजमध्ये मला व्यवहार कळणारे एवढेच माणूस भेटले.

ती वाटी मी कधी वापरली नाही. कागदात गुंडाळून फडताळात ठेवली आहे. ती श्रीमती शालूबाई तोडकर यांना द्यावी. मूळची त्यांच्याच साडीतून आली आहे. पातेल्याशेजारी शोभेल.

कलम ५. वाकळ.
परत आणलेल्या कपड्यांची मी पांघरायला वाकळ शिवली. मध्ये निळ्या चौकड्याचा गाऊन, कडेने रक्षिताच्या शाळेच्या फ्रॉकचे तुकडे, आत अस्तराला माझे जुनेर. टोपडे तसेच ठेवले आहे, त्याला कात्री लावली नाही. वाकळ व टोपडे सौंदर्याला द्यावे. तिच्या हातात द्यावे. तिच्या वडिलांच्या, आजीच्या किंवा सावत्र आईच्या हातात देऊ नये. त्यांच्या दारावरून बोहारीण अजून जाते.

कलम ६. लेबले.
सौंदर्या बालवाडीत जाऊ लागली त्या दिवाळीला मी तिला फ्रॉक शिवून पाठवला. तो पुडक्यासकट परत आला. मृत्युंजयरावांचा फोन आला, "अव्वा, घरी शिवलेलं पाठवू नका. आई म्हणते, चार लोकांत बरं दिसत न्हाई."

पुढच्या दिवाळीला मी फ्रॉक शिवला आणि सोमशेखरच्या जुन्या शर्टाचे कॉलरचे लेबल उसवून फ्रॉकच्या गळ्याला लावले. दुकानाच्या पिशवीत घालून पाठवला. त्यानंतर शालूबाई एका लग्नात भेटल्या.

"आता कसं बोललात, ईनबाई! ह्याला म्हणत्यात फिनिशिंग. कंपनीचं ते कंपनीचंच. घरच्या शिवणीला ही सर यायची न्हाई."

मी म्हणाले, "खरं आहे."

पुढे सोमशेखरचा जो शर्ट जुना होई त्याचे लेबल मी उसवून ठेवू लागले. तेव्हापासून दर दिवाळीला कोल्हापूरहून गेलेला प्रत्येक 'रेडिमेड' फ्रॉक, स्कर्ट, नाइटी आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचा तो घागरा, ज्याचा फोटो तोडकरांच्या गुळाच्या पेढीवर लावला आहे, हे सगळे या मशीनवर मी शिवलेले आहे. याची नोंद या कलमाने होत आहे. लेबलावर कंपनीच्या नावाखाली चाळीस असा आकडा आहे. तो पुरुषांच्या शर्टाचा नंबर आहे. इतकी वर्षे त्या घरातील एकाही शहाण्या माणसाला सहा वर्षांच्या पोरीच्या फ्रॉकवर चाळीस नंबर कसा, असे वाटले नाही. नाव वाचले, पोट भरले.

उरलेली लेबले काडेपेटीत आहेत. ती जावई श्री. मृत्युंजय यांना द्यावीत. ज्या वस्तूला लावतील ती त्यांना चांगली वाटू लागेल.

वाचले फक्त एकीने. मागच्या मे महिन्यात सौंदर्या चार दिवस माझ्याकडे होती. मशीनपाशी बसून म्हणाली, "अज्जी, माझ्या सगळ्या फ्रॉकवर चाळीस का लिवलंय? मी काय चाळीस वर्षांची हाय?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"आणि दुकानातल्या फ्रॉकला आत एवढं दुमडलेलं नसतंय. मैत्रिणींचे बघितले मी. तूच शिवतीस न्हवं?"

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"दुसरीपासनं."

"मग घरी सांगितलं नाहीस?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मीच लहान आहे. "सांगितलं असतं तर बोहारणीला गेलं असतं की."

तिला तिच्या आईच्या कपड्यांचे काय झाले ते मी कधी सांगितलेले नव्हते. तिच्या घरात कोणी तरी हसत सांगितले असणार. नंतर तिने मशीनच्या पायडलवर पाय ठेवला. आधी चाक उलटे फिरले, पण कापडाच्या एका तुकड्यावर शिवण मारली. वाकडी होती. मी उसवली नाही. तो तुकडा वाकळीजवळ ठेवला आहे, तोही तिलाच द्यावा.

कलम ७. बँकेतील ठेव.
माझ्या नावे बँकेत जी ठेव आहे ती सर्व सौंदर्याची. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार या मृत्युपत्राचे व्यवस्थापक व माझे शेजारी श्री. बाळासो घोरपडे यांनी पाहावा. व्याज दर वर्षी तिच्या शिक्षणासाठी द्यावे, परंतु पुढील अटीवर: शिवणाचे मशीन तोडकरांच्या घरात, सौंदर्या झोपते त्या खोलीत, तेल घातलेले, सुई लावलेले आणि चालते असावे. बाळासोंनी दर दिवाळीला न सांगता जाऊन त्यावर एक शिवण मारून घ्यावी, आणि ती सौंदर्यानेच मारावी. मशीन माळ्यावर, गोठ्यात किंवा भंगारात आढळल्यास त्या वर्षीचे व्याज तोडकरांच्या हाती देऊ नये, ठेवीत जमा करावे.

ही अट सौंदर्यासाठी नाही. ती मशीन तशीही सांभाळेल. अट तिच्या घरच्यांसाठी आहे. व्याज येणार म्हटल्यावर ते मशीन देव्हाऱ्यात ठेवतील आणि रोज इभूती लावतील, इतकी मी त्यांना ओळखते.

कलम ८. वाचन.
हे मृत्युपत्र माझे पश्चात गडहिंग्लजला तोडकरांच्या सोप्यात, सौंदर्याला समोर बसवून, बाळासोंनी मोठ्याने वाचावे. कलम सहा दोनदा वाचावे. शालूबाईंना ऐकू कमी येते. बाळासोंना चहा दिला तर त्यांनी घ्यावा. कोणत्या पातेल्यात करायचा ते घरच्यांनी ठरवावे.

कलम ९. माझे स्वतःचे.
मला आमच्या रीतीने माती द्यावी. सोमशेखरने रडू नये, शेजारी जमले की त्याला जमत नाही आणि विचित्र दिसते. अंगावर घालायला दुकानातून काही आणू नये. कपाटाच्या खालच्या कप्प्यात माझे पांढरे सुती लुगडे व पोलके धुऊन ठेवले आहे. पोलके मी या महिन्यात शिवले. त्याला लेबल नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. दोन ठिकाणी कडक वाटला. तसाच ठेवला.

सही: गंगव्वा मल्लिकार्जुन हत्तरकी

साक्षीदार:
१. पिराजी दत्तू सुतार, मंगळवार पेठ. सही समोर केली. (मशीनचा पट्टा यांनीच बदलून दिला.)
२. आकाराम बंडू चौगुले, मंगळवार पेठ. सही समोर केली. मजकूर वाचू दिला नाही.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ जून २००८