एकादशीचे आइस्क्रीम

फाल्गुन शु. ५, शके १८५३. गिरगाव

दुपारी नाक्यावरची खानावळ. आमटी इतकी पातळ की वाटीच्या तळाचे कारखान्याचे नाव सरळ वाचता आले. वांगे बरे. वाढपी तत्त्वज्ञ: नको म्हटले की वाढतो, हवे म्हटले की ऐकू येत नाही. साप्ताहिकासाठीचे खाण्यापिण्याचे पत्र उद्या टाकलेच पाहिजे. संपादकांची ताकीद: 'शास्त्रीबुवा, संस्कृत कमी, भजी जास्त.'

जेवून खोलीवर आलो तर अक्का भिंतीकडे तोंड करून बसलेली. माझी थोरली बहीण; नागावहून मोतीबिंदूसाठी आणली, तेव्हापासून दूध आणि केळी. मावसभावाची एकच खोली, चाळीचा सामाईक नळ, तिथे सोवळ्याने शिजवायचे कुठे? आणि बाहेरचे शिजलेले ती तोंडात घालणार नाही. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली, तेव्हापासून घातलेले नाही.

"काय जेवलास रे बाळ?"

वांगे म्हटले.

"मसाला कसला होता? खोबरं भाजलेलं की ओलं?"

सगळे विचारून घेतले. मन लावून ऐकले. मला पुढे सांगवेना.

शु. ७

डावा डोळा झाला. डॉक्टर म्हणतात, डोके हलवायचे नाही आणि काही चावायचे तर मुळीच नाही, जबड्याचा ताण डोळ्यावर येतो. म्हणजे केळेही गेले. राहिले दूध. त्याच्या वासाने आता तिला उमळते. संध्याकाळपर्यंत पोटात दोन पळ्या पाणी.

डॉक्टरांना पुन्हा गाठले. "अंगात ताकद नसेल तर जखम भरणार नाही. थंड दुधाला वास येत नाही. आइस्क्रीम द्या की."

मी हसलो. ते हसले नाहीत.

शु. ९

आज पायपीट. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे पाहिले आणि पुढे झालो. (मी स्वतः तिथे मस्कापाव खातो, तो भाग निराळा. वहीपुरता.) भुलेश्वरला एका गुजराथी दुकानात रबडी चाखली. उत्तम, पण गरम आणि चावावी लागणारी. तिथे विचारून विचारून शेवटी चौपाटीच्या अलीकडे एक लहान दुकान सापडले. पाटी: 'शुद्ध दुधाचे आइस्क्रीम. फॅमिलीसाठी पडद्याची सोय.' मालक सखाराम, माणगावकडचा. भातशेती भावावर टाकून आला, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर खानसाम्याच्या हाताखाली होता, आता स्वतःचे दुकान.

मी धर्मशास्त्राच्या परीक्षेला बसलो होतो त्यापेक्षा कसून त्याला परीक्षेला बसवले. दूध कोणाचे? गाईचे. पाणी?

"थेंब न्हाय बुवा. पानी घातलं तर गोठतंय ते बर्फावानी, मग गिऱ्हाईक शिव्या घालतंय."

बर्फ? बाहेरून, लाकडी पिंपात. मीठ? तेही बाहेर, बर्फावर. डब्यात शिरते का?

"शिरलं तर खाल कसं?"

निर्णय: पाणी नाही, मीठ नाही, धान्य नाही. दूध आणि साखर. पाण्याशिवाय नुसत्या दुधात झालेल्याला विटाळ नाही; सबब फराळाचे. एकादशीलासुद्धा चालावे. चवही पाहिली. थोर. रंग किंचित पिवळसर, केशराचा असावा. खोलीवर येऊन तेवढेच पत्रात लिहिले आणि पेटीत टाकले. संपादकांना भजी नाहीत म्हणून वाईट वाटेल.

शु. ११. एकादशी

पितळी डबा, भोवती बर्फ, वर गोणपाट. ट्राममध्ये लोक पाहत होते, डब्यात साप असावा तसे.

पडल्या पडल्या अक्काच्या तोंडात चमचा घातला. डोळ्यांवर पट्टी.  जीभ टाळूला लावून पाहिली.

"काय रे हे?"

"दूध आणि साखर."

"आणि?"

"थंडी."

तिने पुन्हा तोंड उघडले. तिसऱ्या चमच्यानंतर म्हणाली, "अजून आहे?"

ती माहेरी परतली तेव्हा मी पाळण्यात होतो. तिच्या तोंडून हे शब्द आज पहिल्यांदा ऐकले.

फाल्गुन व. ३

पट्टी काढली. आधी भिंत पाहिली, मग खिडकी, मग मला. "केस पांढरे झाले की रे तुझे. मला कोणी बोललंच नाही."

मला वाटले आता देवाला नेऊ. ती म्हणाली, "त्या दुकानात ने."

लाल आलवणातली, पदर कपाळापर्यंत ओढलेली बाई पाहून दोन कॉलेजकुमारांचे चमचे हवेत राहिले. पडद्याआड बसलो. अक्का आधी बशी निरखत होती. "रंग सोनचाफ्यासारखा आहे. बांधलेल्या डोळ्यांनी नुसती चवच कळली होती." सखाराम पडद्यातून डोकावून म्हणाला, "आजी, आनखी देऊ?" ती लाजली. म्हणाली, "दे हो."

व. ६

दुपारी एकटा गेलो. संपादकांना कृती हवी आहे, वाचक मागतात म्हणे. सखारामने मोठ्या कौतुकाने आत नेले. दूध आटत होते. बाजूला परात, परातीत टरफले.

मी विचारले, हे काय?

"बलक, बुवा. पिवळा तेवढाच घ्यायचा. त्याबिगर अंग येत न्हाय. सायबाकडं असंच करायचे."

पाटीवर शुद्ध दूध लिहिले आहेस ना रे?

"दूध सुद्धच हाय की! एक थेंब पान्याचा दावा."

त्याच्यावर रागवता येईना. मी गवळी विचारला, पाणी विचारले, बर्फ, मीठ, भांडे. अंडे विचारायचे माझ्या स्वप्नातही आले नाही. आमच्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही, मग प्रश्नात कुठून येणार?

केशर!

व. ८. बोटीवर, रेवसकडे

सांगायचे ठरवून चढलो होतो. समुद्र शांत. अक्का कठड्याशी बसून पक्षी दाखवीत होती. "तो बघ, चोच लाल आहे." मी म्हटले, अक्का, एक बोलायचं होतं.

"मलाही," ती म्हणाली. "मी रामाला बोलले होते, डोळा आला तर मला सगळ्यांत आवडेल तो नैवेद्य दाखवीन. नवमीला आपल्या देवळात आइस्क्रीम न्यायचं. तूच आण, त्या सखारामचं. तुझं काय?"

मी म्हटले, बोट हलते आहे, नीट धरून बस.

चैत्र शु. २, शके १८५४. नागाव

साप्ताहिकाचा अंक गावात आला आहे. माझे पत्र छापले, माझ्या नावानिशी: 'केशराची मंद छटा... एकादशीस निःशंक सेवन करावे.' पोस्टमास्तर रस्त्यातच म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुम्ही उपासाची मजाच वाढवलीत! आमच्या घरची मंडळी आता महिन्यातून दोन एकादश्या पुरेनात म्हणतात." खुलासा लिहायला बसलो. दोन ओळींवर फाडला. खुलासा छापला की अक्काला कोणीतरी वाचून दाखवणारच.

रात्री सौ.ला सांगितले. ती आधी तोंडावर पदर घेऊन हसली, मग रडली, मग व्यवहारावर आली.

"सांगा खुशाल. मग त्या चांद्रायण धरतील, महिनाभर घास मोजून. वैशाखात दुसरा डोळा आहे आणि डॉक्टरांनी उपास करायचा नाही म्हटलंय. तेव्हा डॉक्टरांची ताकीद कशी पाळायची ते तुम्हीच बघा."

आणि नाही सांगितले तर?

"नाही सांगितलं तर रामापुढे काय ठेवणार आहात, तेवढं बोला."

मला तोडगा माहीत आहे. सगळे तोडगे माहीत आहेत. न कळत घडले त्याला प्रायश्चित्त हलके. पण कळल्यावर हलके घेईल ती अक्का नव्हे. देवळाच्या नैवेद्याचा स्वयंपाक तीच करते, इतकी वर्षे. पहिली गोष्ट सोडील ती हीच, आणि मग घरात तिला दुसरे काय उरते?

शु. ६

सौ.ने मार्ग काढला. घरीच करायचे, घरच्या गाईचे, नुसते आटवलेले दूध. अलिबागच्या वकिलांकडे आइस्क्रीमचा फिरवायचा संचा आहे, तो मागून आणला. बर्फ मुंबईहून बोटीने, लाकडाच्या भुशात पुरून. अक्काला सांगितले, सखारामचे इथवर टिकणार नाही. हे तरी खरे.

अक्का खट्टू झाली. मग म्हणाली, "बरं. पण त्याच्यासारखंच करा हं."

शु. ९. रामनवमी

बर्फ रेवसला निम्मा उतरला, नागावला पाव. तरी गोठले. दुपारी जन्म झाला. नैवेद्याच्या रांगेत सुंठवडा, पन्हे आणि मधे घाम फुटलेला संचा. गुरव हळूच म्हणाला, "बुवा, देवाला पडसं न्हाय ना व्हनार?" अक्काला ऐकू गेले, तीही हसली. इतकी हलकी मी तिला पाहिलेली नाही. डावा डोळा मूर्तीवर लागलेला.

केळीच्या पानाच्या तुकड्यांवर प्रसाद वाटला. पोस्टमास्तरांनी दोनदा घेतला. अक्काने सगळ्यांचे झाल्यावर घेतला. तोंडात धरून डोळे मिटले.

"छान झालंय," म्हणाली.

मी श्वास सोडला.

"पण ते हे नव्हे. काहीतरी राहिलंय."

सौ. म्हणाली, वेलची कमी पडली असेल. अक्काने मान हलवली. जायफळ? "तो वास झाला. वासाचं नाही म्हणत मी. त्याचं कसं जिभेवर बसायचं, हे पळून जातं. चाळीस वर्षं हात आहे माझा स्वयंपाकात, मला कळतं." मग माझ्याकडे वळून: "तू आत जाऊन बघून आलास ना कृती? काय घालतो रे तो?"

भोवती दहाबारा माणसे, सगळ्यांच्या हातात पाने. पोस्टमास्तर चाटायचे थांबले. सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी रामाकडे. त्याने मध्यस्थी केली नाही.

"आठवून सांगतो," म्हटले.

शु. १०

पहाटेपासून अक्का ओटीवर वाती वळते आहे, स्वतःच्या डोळ्याने, भिंगाशिवाय. वैशाखातल्या बोटीचे विचारले. जाऊ म्हटले. 

"आठवलं का रे?"

नाही म्हटले.

तिने हातातली वात खाली ठेवली.  "बाळ, तू विसरणाऱ्यातला नव्हेस. अख्खा अमरकोश पाठ आहे तुझा."

काही लिहायचे आहे म्हणून आत आलो. हे लिहितो आहे. तिला काय काय कळले आहे, मला कळत नाही. ओटीवरून दोन वेळा हाक आली आहे, रागाची नाही. आता पावले ऐकू येतात. भिंत न चाचपता चालते आहे.