तुरीच्या प्रोटीनचं शेपूट

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. सकाळी ९
पीएचडीचं सहावं वर्ष. आजपासून नवा धुळाप्पा. गाईड वीरण्णा सर स्पष्टच बोलले : २१ तारखेला कमिटी बसणार. शुद्ध प्रोटीन दाखव, न्हाई तर तुझं काम श्रीदेवीला देतो. श्रीदेवी म्हणजे लॅबमधली ज्युनिअर. प्रत्येक ट्यूबवर नाव, तारीख लिहीत बसते. मी लिहीत न्हाई. माझ्या ध्यानात राहतं.

मंगळवार, ११
काम सोपं हाय. तुरीचं एक प्रोटीन बॅक्टेरियात तयार करायचं, त्याला टॅगचं शेपूट जोडलेलंच हाय. कॉलम नावाच्या नळीतल्या निळ्या मण्यांवर निकेल असतं. ते शेपूट धरून ठेवतं, बाकी कचरा खाली वाहून जातो. मग आपलं प्रोटीन सोडवून घ्यायचं. दोन दिवसांचा खेळ. म्हणून आज आराम.

गुरुवार, १३
काल लाइट गेली, बॅक्टेरिया वाढले न्हाईत. आज लाइट होती, पण मूड गेला.

रविवार, १६. निर्णा
गावी आलो. मायला टॅग समजावला : म्हशीच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असतो ना, तसंच. माय म्हणाली, व्हय, पण बिल्ला हातचा सुटला तर म्हैस हुडकत मागं फिरावं लागतं बघ. मायला सायन्स काय कळतंय! धाकट्या पप्पूनं बॅनर सांगून टाकलं : 'निर्ण्याचे शास्त्रज्ञ'. मी नको नको म्हणालो. फोटो गॉगलवाला दिला.

बुधवार, १९. दुपारी ३
कॉलम चालवला! प्रोटीन खराब होऊ नये म्हणून बफरच्या पाण्यात ईडीटीए नावाचं रसायन सढळ हातानं टाकलं. श्रीदेवी म्हणायली, अण्णा, निकेलच्या कॉलमला ईडीटीए कामून टाकायलाव? म्हणालो, सहा वर्षं काय झक मारायलोय का इथं? थोड्या वेळात सगळे मणी पांढरेशुभ्र! धोतराला नीळ जास्त झाली की माय खळबळून काढते, तसंच. इतका स्वच्छ कॉलम या लॅबनं पाहिला नसेल. तिनं विचारलं, खाली आलेलं ठेवायचं का? म्हणालो, कचरा तो, सिंकमध्ये ओत. बाटली घेऊन गेली. ऐकते बिचारी.

गुरुवार, २०
जेलवर तपासलं. प्रोटीनची पट्टी दिसायला पाहिजे. एकही न्हाई. प्रोटीन इतकं शुद्ध झालंय की दिसतच न्हाई. उद्या हेच सांगायचं.

शुक्रवार, २१. संध्याकाळी ६
सांगितलं. कमिटी हसली न्हाई. हसली असती तर बरं झालं असतं.
मग सरांनी श्रीदेवीला उभं केलं. तिनं कचरा ओतलाच नव्हता. त्यातलं ईडीटीए काढून तिनं तो नव्या निळ्या कॉलममधून सोडला. जेलवर ही जाड पट्टी! तो निळा रंग म्हणजेच निकेल होतं म्हणे, आणि ईडीटीएनं ते ओढून नेलं. शेपूट धरायला कुणी उरलंच न्हाई. माझं सगळं प्रोटीन बाटलीत. बाटलीवर तिच्या अक्षरात : 'धुळाप्पा अण्णा, १९/११, टाकून दिलेलं.' लई वाईट वाटलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो.

सोमवार, २४
काम श्रीदेवीला गेलं. पप्पूचा फोन : बॅनर स्टँडवर लागलं, गॉगल झकास दिसायलाय. सर म्हणाले, तू तिला मदत कर. सकाळपासून तिच्या ट्यूबांवर नाव, तारीख लिहायलोय. एकशेवीस झाल्या. जरा मोठं अक्षर काढा अण्णा, म्हणाली.