दहापैकी दहा मिळवणारी टाच

ति. आउनेताईस धाकट्या वेइक्कोचा मनापासून नमस्कार (वाकून केला असता, पण कंबर परवानगी देत नाही). तुझा गुडघा कसा आहे? तिकडे कुओपिओत बर्फावर घसरू नकोस. घसरायचंच असेल तर इकडे ये, आमचा बर्फ मऊ आहे.

पत्राचं कारण म्हणजे एक स्वप्न. काल गुरुवार, म्हणजे वाटाण्याचं सूप आलंच. ते जरा जास्त झालं आणि दुपारी खुर्चीतच डोळा लागला. बघतो तर आपली शाळा. दाराशी बुटांची रांग, सगळी पोरं मोज्यांवर, आणि अठ्ठावन्न वर्षांचा मी दाढीसकट चौथीच्या बाकात पोट कोंबून बसलेलो. एका पायात तो निळा मोजा (ओळखलास ना?), दुसरा पाय उघडा. सिल्वीबाई आल्या. अठ्ठेचाळीस वर्षांत बाईंचा एक केस पिकलेला नाही. म्हणाल्या, "वेइक्को, मोज्याची टाच वर्गात फक्त तुला जमली. दहापैकी दहा दिलेत मी. ये, सगळ्यांना करून दाखव."

ती टाच कोणी विणली, ते तुला-मलाच ठाऊक. सौनाच्या पायरीवर बसून, पाच सुयांकडे न बघता, माझ्याशी भांडत भांडत तू ती वळवलीस. त्यात तुझा स्वतःचा, वरच्या वर्गाचा मोजा अर्धवट राहिला नि तुला मिळाले आठ. तू हूं की चूं केलं नाहीस. ताई, तुझ्यासारखं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

तर स्वप्नातही तूच धावून आलीस. खिडकीबाहेर गुडघाभर बर्फात उभी राहून हवेत सुया चालवत होतीस. मी बघून बघून विणत गेलो, पण खुणांवर कुठे टाच वळते? मोजा सरळच वाढत वर्गाबाहेर गेला, जेवणघर ओलांडलं, पोरांनी त्यावर ओले हातमोजे वाळत घातले. बाई कौतुकानं म्हणाल्या, "सुरेख. पण टाच कुठाय?" तेवढ्यात जाग आली.

तुझा,
वेइक्को

ता. क. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आमची पिल्वी आता चौथीत आहे आणि दहा दिवसांनी, सोमवारी तिला टाच घातलेला मोजा शाळेत न्यायचाय. माझे दहा गुण मी तिला (बरेचदा) सांगितलेत, त्यामुळे ती आजोबांकडूनच शिकणार म्हणते. त्याआधीच्या शनिवारी येशील का? सौना तापवून ठेवतो, गुडघ्याला वाफही मिळेल. नातीपुढे माझी लाज राख.

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच पिल्वीनं खांद्यावरून सगळं वाचलं. म्हणाली, "टाच मला आउनेआजीनं मागच्याच आठवड्यात फोनवर शिकवली. तुमची टाच खरंच तुम्ही विणली होती का, तेही विचारलं मी. आजी म्हणाली, म्हणजे काय, तेवढी चांगली तर मलासुद्धा जमली नव्हती."

मग तिनं दुसरा मोजा माझ्या हातात ठेवला. याची टाच मी घालायची आहे. तू ये. फक्त खिडकीबाहेर उभी राहू नकोस, आत ये.