चौकट क्रमांक चार

४ फेब्रुवारी
छापून आला! दोन वर्षं उरस्फोड केली तो अहवाल हातात, आणि तो कुठे लपवू असं झालंय. जमिनीचा हक्क आणि घरातलं धान्य यावरचा. कौतुकाने उघडला तो नेमका चौकट चारवर. माझीच चौकट, मी भेटून लिहिलेली एका बाईची कहाणी. खाली ठळक अक्षरांत “नाव बदलले आहे”. वर माझं वाक्य — एका डोळ्याने अधू, दोन मुलींची आई, कालव्याकाठी एकटी नांगर धरते.

नाव बदललं म्हणे! त्या गावात अशी दुसरी आहे कोण?

चौकटीतल्या त्या बाईंनी, मी त्यांना मावशी म्हणते, दार लावून सांगितलं होतं. नवरा गेल्यावर दिराने बांधाचे दगड सरकवले, निम्मं रान गिळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात पोरी एकवेळ जेवतात. “बाहेर फुटलं तर तो मला जिती ठेवायचा नाही, ताई.” मी म्हटलं, निर्धास्त राहा. मोठी शहाणी!

५ फेब्रुवारी
संस्थेतल्या सरांना सांगितलं. “अगं, नाव बदललंय ना? नियमात बसतं.” ह्याच वाक्याला त्यांनी “बाई डोळ्यांपुढे उभी केलीस” म्हणून शाबासकी दिली होती. आमचा आकडेवाला — सगळे त्याला दशांश म्हणतात — म्हणाला, “डोळा कशाला घातलास? माझ्या तक्त्यात कुणाला डोळे नसतात.” खरं बोलला, म्हणून जास्तच राग आला.

डोळा घातला, कारण वाक्य छान होत होतं. बस्स.

८ फेब्रुवारी
आज कळलं, अहवालाचा सारांश गावोगाव वाटायचाय. चौकटींसकट! सरांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. काही उपयोग नाही, गठ्ठे रवाना झालेत. मावशींच्या गावचाही.

९ फेब्रुवारी
नवरा म्हणतो, “असले अहवाल वाचतं कोण? मी तरी कुठे वाचला तुझा!” धीर देतोय की टोमणा मारतोय, देव जाणे.

१० फेब्रुवारी
मावशींचा फोन लागत नाही. दिवसभर लावतेय. मन चिंती ते वैरी न चिंती. भाजी चिरता चिरताही फोन लावत होते, आईने सुरीच काढून घेतली. “झालंय काय तुला?” काय सांगू? माझ्या एका वाक्यापायी कुणाचा जीव जाईल?

११ फेब्रुवारी
अजून नाही लागत. उद्या जाणार. दशांश म्हणाला, “घाई नको. आधी काही झालंय का ते तरी कळू दे.” त्याच्यावर खेकसले. ह्याचं काय जातंय सल्ले द्यायला!

१२ फेब्रुवारी
जाऊन आले. संस्थेची गाडी घेतली आणि धडधडत थेट मावशींच्या दारात. मावशी ठणठणीत! फोन नुसता बिघडलेला. सारांशाचा गठ्ठा शाळेतल्या कपाटावर, सुतळीसुद्धा सुटलेली नाही. मास्तर म्हणाले, “न्या की, आम्हाला अडगळच.” उचलून गाडीत टाकला. एकही प्रत कुणी पाहिलेली नाही. एकही नाही!

मावशींना सगळं कानात सांगितलं, माफी मागितली. रडूच आलं मला. त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या. शेजारच्या ओट्यावर दीर दात कोरत उभा. गाडीवरचं आमच्या संस्थेचं नाव, त्यातल्या ‘जमीन हक्क’सकट, त्याने मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर लावून. मग हसून म्हणाला, “मॅडम, पाणी तरी घ्या.” वाटला होता त्याहून बराच साधा माणूस. वाटेत ड्रायव्हरला चहा पाजला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी
अनोळखी नंबर. मावशींची थोरली. “तुम्ही गेल्यापासून काका आईला एकच विचारत होता — जमिनीवाल्यांची गाडी तुझ्याच दारात कशाला? काय सांगितलंस त्यांना?”

“ताई, आई तुमच्याकडे आलीय का?”