वाटीत किती उरल्या

७ जानेवारी, रविवार

चि. ठमीस,

आशीर्वाद. आठवडाभर फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. माझा खोकला आता बरा आहे.

एक कोडं तुलाही पडलं असेल. आपल्या अंतराळखेळात उल्का आदळतात, इंजिनं बंद पडतात, कप्तान वाटेल तो आगाऊपणा करतो. तरी प्रत्येक मोहिमेत आधी मरते ती जहाजावरची डॉक्टर, म्हणजे तू. असं का? मी फासे शेकडो वेळा टाकून तपासले. ते निर्दोष आहेत.

दोष असलाच तर माझ्या घरगुती नियमात आहे. खेळाच्या छापील पुस्तकात प्रत्येकाचा प्राणवायू सर्वांना दिसतो. मला तो पोरखेळ वाटला. म्हणून मी प्राणवायूच्या सोंगट्या झाकल्या वाटीत ठेवायला लावल्या. आपली सोंगटी दुसऱ्याला देता येते. पण आपल्याकडे किती उरल्या, हे कोणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. वाटी रिकामी झाली की पात्र मेलं. रचना पाहा किती देखणी आहे: संकट बाहेरून यावंच लागत नाही!

गेल्या रविवारी कप्तान झालेले वकीलसाहेब म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सरकवा एक. तुमच्याकडे काय, कोठारच आहे!" तू सरकवलीस. वैमानिक म्हणाला, "मलाही. आणि उठलाच आहात तर चहा." सगळे हसले. तू तीही दिलीस, चहाही केलास. मग वाटी उपडी केलीस.

"मेले मी," म्हणालीस आणि पर्स उचललीस.

"अगं, खेळ आहे हा!"

"दादा, खेळ इथे आहे. नियम घरीसुद्धा तोच आहे."

मी इतरांना म्हटलं, हरल्यामुळे चिडली आहे.

काल आईच्या शेजारच्या काकू भेटल्या. तू भाजीची पिशवी मांडीवर घेऊन जिन्यातच बसली होतीस म्हणे, कितीतरी वेळ. "वर का जात नाहीस गं?" विचारलं, तर म्हणालीस, "जाते, आई वाट बघत असेल." तरी उठली नाहीस.

आईला उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं तू करतेस. मी फोन करतो आणि विचारतो, आई कशी आहे. त्यापुढे काही विचारल्याचं मला आठवत नाही. त्या टेबलाशीही विचारायला कोणाला बंदी नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

शनिवारी बॅग घेऊन येतो. आईच्या खोलीत माझी गादी घाल. नको, ती मीच घालीन. पुढचा महिना तिथूनच कामावर जाईन. तुझी खुर्ची इथे कोणाला दिलेली नाही. आणि नियमात भर घातली आहे: सोंगटी मागण्याआधी देणाऱ्याला त्याची वाटी विचारायची.

या नियमाची एक सोपी कसोटी मला सापडली आहे. कोणीही कुठल्याही घरात करून पाहावी. ज्याच्याकडून आपण सर्वांत जास्त घेतो, त्याला विचारावं, "तू कसा आहेस?" उत्तरात तो दुसऱ्याच कोणाचं सांगू लागला, तर वाटी रिकामी समजावी.

हे पत्र बुधवारपर्यंत मिळेल, त्या संध्याकाळी फोन करीन. उचल. आईचं काही सांगू नकोस.

या वेळी तुझंच विचारणारा,
दादा