आईच्या फोनवरचा नवरा

किन्हवली,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

चि. मुकेश,

सप्रेम जय भीम. इकडे आम्ही बरे आहोत, तूही तिकडे बरा असशील असं धरून चालते. हातात फोन असताना ताई कागद कशाला काळे करते, असं म्हणशील. पण मेसेज केला की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, आणि फोनवर बोलावं तर सगळं घर ओटीवर येऊन बसतं. म्हणून हे लिहून, त्याचा फोटो काढून पाठवते आहे. नीट बसून वाच.

भातकापणी उरकली. झोडणी राहिली आहे, माणसं मिळत नाहीत. आईचा गुडघा तसाच आहे. मात्र 'माझी सून अमेरिकेला चालली' हे गिरजाकाकूला सांगायला ती पार टोकाच्या घरापर्यंत चालत जाते, तेव्हा तो दुखत नाही.

पौर्णिमेची व्हिसाची तयारी जोरात चालली आहे. येत्या गुरुवारी तिची मुंबईला मुलाखत. माझी अंगणवाडी सुटली की मी खुर्चीत बसून व्हिसाचा साहेब होते आणि ती समोर उभी राहते. पहिले दोन दिवस हसण्यातच गेले. आता घडाघडा सांगते: तुझी कंपनी, तुझा पत्ता, विहारात लग्न लागलं ती तारीख, तुझ्या चहात साखर किती. दोन चमचे, असं मीच शिकवलं होतं. गेल्या रविवारी तू आईला म्हणालास की साखर सोडून वर्ष झालं. मग आम्ही उत्तर बदललं. पण मला कसंतरीच झालं रे. मी तिला शाळेत जाणारा मुकेश शिकवत होते.

व्हिसाचे कागद बघणाऱ्या वकीलबाईंनी तुम्हा दोघांचे फोटो मागितलेत. लग्नाचे ढीगभर आहेत, पण फक्त तुम्ही दोघं आहात असा एकही नाही. मध्ये आई, नाहीतर मावश्या. लग्नानंतर तू तीन आठवडे इथे होतास, तेवढ्यात दोघंच कुठे गेला नाहीत. मुरबाडला तिच्या माहेरी गेलात तेव्हाही गाडीत आम्ही होतोच.

मघापासून मी मूळ गोष्टीभोवती घिरट्या घालते आहे. आता लिहितेच.

काल साहेब होऊन मी तिला विचारलं, नवऱ्याचा फोन कधी येतो? म्हणाली, रविवारी. कुणाच्या फोनवर? आईंच्या. काय बोलता?

म्हणाली, "मी इचारते, जेवलात का. ते हो म्हनतात. तुमी सगळे बसलेले असता, मग मी फोन आईंना परत देते."

थोरांशी आधी बोलायचं, बायकोची पाळी शेवटी, ही आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. पण तिच्याकडे स्वतःचा फोन आहे, तूच पाठवलेला. लग्नाला दोन वर्षं होत आली, त्यावर तुझा फोन एकदाही आला नाही. मला चैन पडत नाही, मुकेश. पोरांना खिचडी वाढताना हात थांबतो आणि वाटतं, याच्या मनात ती आहे तरी का? की आईने पसंत केली म्हणून हा हो म्हणाला?

शेवटी मी साहेबपणा सोडला आणि सरळ विचारलं, तुला जायचं आहे का गो?

"जायला मी तयार हाय, ताई. पन साहेबानं इचारलं, नवऱ्याला वळखतेस का, तर मी खोटं नाय बोलनार. सांगेन, त्यांच्या आईला वळखते."

मी तिला समजावलं नाही. काय समजावणार? आजपासून तालीम बंद केली आहे. तिच्या मनात असेल ते ती तिथे बोलेल, मग व्हिसा मिळो न मिळो.

उद्या रविवार. तुला ती हवी असेल तर तिला फोन कर, तिच्या फोनवर, आणि जेवणाखेरीज काहीही बोल. नको असेल तर तेही तिलाच सांग, मला नाही, आईला नाही. मी स्वतः तिला मुरबाडला पोचवीन आणि तिच्या आईवडिलांसमोर तुझ्या वतीने मान खाली घालीन.

आईचा फोन मी बंद करून माझ्या कपाटात ठेवला आहे. आई ओरडते आहे, ओरडू दे.

पौर्णिमेच्या फोनकडे कान लावून बसलेली,
तुझी कमळताई