आईच्या खोलीतले पाहुणे

प्रिय इर्मिनाताई,

काल फोनवर तू केवढी हरखली होतीस. "आईला त्रास नको रे आल्विन. सुट्टीत येतोय ना, तर आम्ही समुद्राकाठी एक घर भाड्याने ठरवलंय. फोटो बघ, दारात अगदी आपल्यासारखं नीरफणसाचं झाड आहे," म्हणालीस. मी म्हटलं, "छान आहे."

ताई, ते झाड आपलंच आहे. घरही आपलंच, फक्त पिवळा रंग दिलाय. वादळात उडालेलं छप्पर नवं घातलं आणि तेव्हापासून मी घर पर्यटकांना भाड्याने देतोय. आई माझ्या दुकानामागच्या खोलीत राहते. तिथे खिडकी नाही. तुला मात्र सांगत आलो की ती समुद्राचा वारा खात मजेत आहे.

आज सकाळी तिला म्हटलं, "घर झाडायला हवं. इंग्लंडहून पाहुणे येतायत."

"लेकरं आहेत का त्यांच्यात?"

"दोन आहेत."

"मग माझी खाट खिडकीशी सरकव. त्यांना पडल्यापडल्या समुद्र दिसेल," म्हणाली आणि झाडू घेऊन पुढे निघाली.

घरी पोचल्यावर मी खाट सरकवली आणि आईलाच तिच्यावर बसवलं. म्हटलं, "आई, पाहुणे म्हणजे आपली इर्मिना आणि तुझी नातवंडं. तू इथेच राहायचंस."

ती हरखेल असं वाटलं होतं.  पण समुद्राकडे बघत ती हळूच म्हणाली, "आणि ते गेल्यावर मी परत दुकानामागे?"

 तिला याचं उत्तर देईपर्यंत हे पत्र तुला धाडायचं तोंड मला नाही.

तुझाच भाऊ,
आल्विन